सगळे एकाच माळेचे मणी, मग २० तारखेला करायचं काय? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली, फराळाचे डबे रिकामे झाले आणि विधानसभेचं २० नोव्हेंबर २०२४ चं मतदान आठवड्यावर येऊन ठेपलंय. मी सांगली जिल्ह्यातला, झेडपी शाळेतून रिटायर झालेला मास्तर. नोकरीत असताना इलेक्शन ड्युटी कधी चुकली नाही, त्यामुळं मतदानाचं काहीही अडलं की लोक मलाच विचारतात. एरवीचे प्रश्न ठरलेले असायचे, यादीत नाव कुठाय, केंद्र कुठलं, आधार चालतं का. या वेळी मात्र दहातले सात मेसेज एकाच सुरात आहेत, "मास्तर, मत द्यायचंच कशाला?" प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देऊन अंगठा दुखायला लागला म्हणून सगळं इथं एकत्र लिहून ठेवतोय. एक आधीच सांगतो, कुणाला मत द्या हे यात कुठंही सापडणार नाही.

१. मला एकालाही मत द्यावंसं वाटत नाहीये. हे माझंच असं झालंय का सगळ्यांचंच?

तुमच्या एकट्याचं नाही हो. गेल्या पाच वर्षांत काय काय झालं ते नुसतं ओळीनं आठवून बघा. ऑक्टोबर २०१९ ला निकाल लागला, भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. युती म्हणून मतं मागितलेले मुख्यमंत्रिपदावरून भांडले, राष्ट्रपती राजवट लागली, २३ नोव्हेंबरला लोक चहा पीत होते तोवर फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी उरकलेला होता, चार दिवसांत ते सरकार पडलं आणि २८ तारखेला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंनी ज्यांच्या विरोधात मतं मागितली त्यांच्याच सोबत शपथ घेतली. जून २०२२ ला आमदार सुरत, गुवाहाटी, गोवा असं फिरून आले आणि शिंदे मुख्यमंत्री झाले. २ जुलै २०२३ ला अजित पवार त्याच सरकारात उपमुख्यमंत्री, ज्यांच्यावर आदल्या वर्षापर्यंत आरोप चालले होते ते आता मांडीला मांडी लावून. म्हणजे २०१९ ला तुम्ही या चारपैकी कुणालाही मत दिलेलं असो, ते मत कधी ना कधी तुमच्या मनाविरुद्ध सत्तेत जाऊन बसलंच. माझ्या शेजारचा द्राक्षवाला म्हणतो, "मास्तर, बेदाणा सौद्यात गेला तरी कुठल्या व्यापाऱ्यानं घेतला ते पट्टीवर कळतं, माझं मत कुणी घेतलं तेच कळंना." यापुढं मी वेगळं काय सांगणार.

वर आता दोन्हीकडून बोली लागलीय, एकजण बहिणींच्या दीड हजाराचे २१०० करतो म्हणतो, दुसरा थेट ३०००. पैसे नको असं कुणी म्हणत नाही, पण सोयाबीनच्या भावाचं विचारलं की दोघंही पुढच्या गावाला निघतात.

२. दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी. कुठलं चिन्ह कुणाचं ते एकदा नीट सांगा ना.

धनुष्यबाण एकनाथ शिंदेंकडं (आयोगाचा निर्णय फेब्रुवारी २०२३), मशाल उद्धव ठाकरेंकडं. घड्याळ अजित पवारांकडं (फेब्रुवारी २०२४), तुतारी वाजवणारा माणूस शरद पवारांकडं. घड्याळाचा वाद अजून सुप्रीम कोर्टात आहे आणि तसं जाहिरातीत छापायला कोर्टानं सांगितलंय, ती बारीक अक्षरातली ओळ त्यासाठी असते. कमळ आणि हात होते तिथंच आहेत. मशीनवर नाव, फोटो आणि चिन्ह तिन्ही असतात, तेव्हा नुसतं चिन्ह बघून बटण दाबू नका, त्यातून काय होतं ते प्रश्न ७ मध्ये लिहिलंय.

३. गेलोच नाही मतदानाला तर काय बिघडतं? राग दिसेल की त्यातून.

नाही दिसत, हेच तर दुखणं आहे. किमान इतके टक्के मतदान झालंच पाहिजे असा नियम आपल्याकडं नाही. शंभरातले वीसच आले तरी त्या विसात जो पुढं तो आमदार, आणि त्याच्या प्रमाणपत्रावर टक्केवारी लिहीत नाहीत. तुम्ही रागानं घरी बसलात, आळसानं बसलात का लग्नाला गेलात, हिशोबात तिन्ही सारखंच.

यंदा लोकसभेला दक्षिण मुंबईत कसंबसं ५० टक्के मतदान झालं आणि गडचिरोली-चिमूरला ७० च्या वर, उन्हात, काही ठिकाणी मैलमैल चालत येऊन. दक्षिण मुंबईतल्या अर्ध्या लोकांना नेमका कशाचा राग आला होता हे कुणी विचारायला गेलेलं मी तरी ऐकलं नाही. उलट उमेदवाराच्या माणसांना न येणारा मतदार फार सोयीचा. त्याच्यावर पेट्रोल खर्च करावं लागत नाही, आपली बांधलेली मतं काढली की काम झालं.

४. नोटा म्हणजे नक्की काय? ते मत मोजतात का नुसतं शोभेला आहे?

"वरीलपैकी कोणीही नाही" हे मशीनवरचं सगळ्यात शेवटचं बटण. २७ सप्टेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टानं पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या केसमध्ये निकाल दिला आणि त्याच वर्षीच्या दिल्ली, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, मिझोरमच्या निवडणुकांपासून ते आलं. मोजतात तर, अगदी व्यवस्थित मोजतात. पहाटे साडेपाचला आम्ही उमेदवारांच्या एजंटांसमोर मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, घ्यायचो तेव्हा नोटाचंही बटण दाबून मत नीट पडतंय का बघायला लागायचं. एका वर्षी एक एजंट जांभई देत म्हणाला, "याचा एजंट कुठाय?" नोटाचा एजंट नसतो, सभा नसते, जीपगाडी नसते, तरी निकालाच्या कागदावर त्याची ओळ असते.

ओळ असते इतकंच, ताकद किती ते पुढं वाचा.

५. नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द होते ना? आमच्या ग्रुपवर तसं आलंय.

विधानसभा-लोकसभेला होत नाही, तो मेसेज डिलीट करा. नोटाला लाख आणि पहिल्या उमेदवाराला दहा हजार पडले तरी दहा हजारवाला आमदार. इंदूरमध्ये यंदा काय झालं बघा, काँग्रेसच्या उमेदवारानं ऐनवेळी अर्जच मागं घेतला, लोक चिडले आणि नोटाला तब्बल २,१८,६७४ मतं पडली, देशात आजवर कुठंच एवढी पडली नव्हती. तरी भाजपचा उमेदवार अकरा लाखांच्या वर मताधिक्यानं खासदार. नोटा पुढं असेल तर फेरनिवडणूक घ्या अशी याचिका सुप्रीम कोर्टात आहे, एप्रिलमध्ये कोर्टानं आयोगाला नोटीसही काढलीय, पण २० तारखेला जुनाच नियम चालणार.

आता गंमत ऐका, हा मेसेज अगदीच हवेतून आलेला नाही. आपल्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये आदेश काढलाय की महापालिका, नगरपालिका, अशा स्थानिक निवडणुकांत नोटाला सगळ्यांपेक्षा जास्त मतं पडली तर तिथं फेरनिवडणूक घ्यायची, आणि दुसऱ्यांदाही नोटाच पुढं आला तर मात्र नोटा सोडून ज्याला जास्त मतं तो विजयी. केंद्राचा निवडणूक आयोग वेगळा आणि राज्याचा वेगळा, त्यांचे नियमही वेगळे, घोटाळा तिथं होतो. नगरसेवक निवडताना नोटाला दात आहेत, आमदार निवडताना कवळीसुद्धा नाही.

६. मग नोटा दाबून फायदा नेमका कुणाला?

जो आधीच पुढं आहे त्याला, बहुतेक वेळा. तुम्ही नोटा दाबलंत म्हणजे दोन नंबरवाल्याला मिळू शकणारं एक मत बाजूला ठेवलंत. मुंबई उत्तर-पश्चिमला यंदा लोकसभेचा निकाल लागला ४८ मतांनी, हो, अठ्ठेचाळीस, आणि तिथं नोटाला पंधरा हजारांवर मतं होती. त्या पंधरा हजारांतल्या पन्नास जणांनी जरी जाताना विचार बदलला असता तर खासदार बदलला असता. ते बरं झालं असतं का वाईट हे मी म्हणत नाही, फक्त नोटा दाबताना एवढं डोक्यात असू द्या.

डिपॉझिटच्या हिशोबातही नोटा धरत नाहीत. पडलेल्या उमेदवाराला वैध मतांच्या एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर विधानसभेचे दहा हजार जप्त होतात (अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच हजार), ते मोजताना नोटाची मतं बाहेर काढतात. म्हणजे नोटानं कुणाचं डिपॉझिटही घालवता येत नाही.

तरी मी नोटाला अगदीच फालतू म्हणणार नाही. २०१९ ला लातूर ग्रामीणला नोटा दुसऱ्या नंबरवर आला, मतं साडेसत्तावीस हजारांच्या आसपास. आमच्याच जिल्ह्यात पलूस-कडेगावला वीस हजारांवर, तिथंही दुसरा नंबर नोटाचाच. २०२२ ला अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत १२,८०६, परत दुसरा नंबर. तिन्हीकडं लढतच राहिली नव्हती, निकाल आधी ठरल्यासारखा होता, आणि अशा ठिकाणी नोटा दाबला तर तो आकडा पेपरात येतो, वरच्या नेत्यांपर्यंत जातो. माझं मत विचाराल तर लढत एकतर्फी असेल तर नोटाला थोडा अर्थ, चुरशीची असेल तर नोटा म्हणजे आपल्या ताटातली भाकरी शेजाऱ्याच्या ताटात.

७. अपक्षाला किंवा छोट्या पक्षाला मत दिलं की ते वायाच जातं, बरोबर ना?

आमच्या जिल्ह्यात हे बोलून बघा, लोक हसतील. यंदा लोकसभेला सांगलीची जागा आघाडीत काँग्रेसला सुटली नाही, विशाल पाटील लिफाफा चिन्ह घेऊन अपक्ष उभे राहिले आणि लाखभर मतांनी निवडून आले. दोन्ही मोठ्या आघाड्यांचे उमेदवार पडले. अर्थात त्यांच्या मागं वसंतदादांचं घराणं होतं, साखर कारखाना होता, गावोगावी माणसं होती, तेव्हा उद्या कुठलाही अपक्ष लिफाफा घेऊन आला तर असंच होईल असं समजू नका.

उलटं उदाहरण शेजारच्या साताऱ्यात. उदयनराजे ३२ हजारांच्या फरकानं जिंकले आणि पिपाणी चिन्हाच्या एका अपक्षाला ३७ हजार मतं पडली. आता त्यातल्या किती जणांना खरंच तो अपक्ष हवा होता आणि किती जणांनी तुतारी समजून पिपाणी दाबली, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं. दिंडोरीत तर पिपाणीवाल्यानं लाखाच्या वर मतं खाल्ली, तिथं तुतारीवाला तरीही तरला म्हणून गवगवा कमी झाला. चिडून तिसऱ्याला मत द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण तो कोण, त्याला उभं कुणी केलंय, फॉर्मचे पैसे कुणी भरले, एवढं गावात विचारा. चहाच्या टपरीवर सगळं कळतं.

८. बरं, अपक्ष निवडून आणला आणि तो दुसऱ्या दिवशी पक्षात गेला तर?

पक्षांतरबंदी कायदा, म्हणजे १९८५ ला घटनेत आलेलं दहावं परिशिष्ट, इथं अपक्षाला जास्त कडक आहे. निवडून आल्यावर तो कुठल्याही पक्षात गेला की आमदारकी जाते. पण पक्षात न जाता नुसता पाठिंबा दिला, मंत्री झाला, तर काही होत नाही, आणि अपक्ष नेमके हेच करतात.

पक्षाच्या आमदाराची गोष्ट अजून मजेशीर. पूर्वी एक तृतीयांश फुटले तर चालायचं, २००३ ला ती सवलत काढून टाकली, आता दोन तृतीयांश सोबत घेऊन दुसऱ्या पक्षात विलीन झालात तरच वाचता असं कायदा म्हणतो. मग २०२२ ला शिंदेंसोबतचे आमदार कसे वाचले? ते म्हणाले आम्ही फुटलोच नाही, आम्हीच मूळ पक्ष. ठरवणार कोण, तर विधानसभा अध्यक्ष. सुप्रीम कोर्टानं ११ मे २०२३ ला राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ते चूक होतं म्हणून सांगितलं, पण ठाकरेंनी आधीच राजीनामा दिल्यामुळं सरकार परत आणता येत नाही हेही सांगितलं आणि अपात्रतेचं अध्यक्षांकडं सोपवलं. अध्यक्षांचा निकाल आला १० जानेवारी २०२४ ला, अपात्र कुणीच नाही, ना या गटाचा ना त्या. दीड वर्ष थांबून गाडी जिथं होती तिथंच. कायदा कागदावर चांगला आहे, पण पंच खेळणाऱ्यांतलाच एक असेल तर व्हायचं ते होतं.

९. पक्ष पटतो पण उमेदवार नको, किंवा माणूस चांगला पण पक्ष नको. मग?

वारंवार आलेला प्रश्न हाच. माझं स्पष्ट मत, या वेळी पक्षाकडं बघून काही कळणार नाही, पक्षांना स्वतःलाच पुढच्या महिन्यात कुठं असू ते माहीत नाही. माणूस बघा. प्रत्येक उमेदवाराला फॉर्म २६ वर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं असतं, आणि ते आयोगाच्या साइटवर फुकट बघायला मिळतं, मोबाइलवर "नो युवर कँडिडेट" ॲपही आहे. पाच वर्षांपूर्वीचं आणि आत्ताचं प्रतिज्ञापत्र शेजारी शेजारी ठेवून मालमत्तेचा आकडा बघा. दहा मिनिटांचं काम आहे. मी आमच्या कट्ट्यावर हे मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा दोघातिघांचा चहा थंड झाला.

१०. पैसे दोघांकडून घ्यायचे आणि मत हवं त्याला द्यायचं, यात काय चूक?

देणारा जसा गुन्हेगार तसा घेणाराही, एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. हे झालं कायद्याचं. व्यवहाराचं बोलायचं तर विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख, आणि तुमच्या मतदारसंघात मतदार असतात तीन-साडेतीन लाख. माणशी चौदा रुपयेही येत नाहीत. तुमच्या दारात पाकीट आलं तर ते कुठल्या हिशोबातून आलं आणि पुढं पाच वर्षं कुठल्या कामातून वसूल होणार, पोराला बेरीज-वजाबाकी शिकवताना विचारा. तक्रार करायची असेल तर सी-व्हिजिल ॲपवर फोटो किंवा व्हिडिओ टाका, १०० मिनिटांत दखल घ्यायचा नियम आहे.

११. रस्ता होत नाही म्हणून आमच्या वाडीनं बहिष्कार टाकायचं ठरवलंय. उपयोग होईल का?

मतदानाच्या आधी होतो, नंतर नाही. बहिष्काराचं पत्र दिलं की तहसीलदार, बीडीओ, कधी प्रांत स्वतः वाडीत येतात. तेव्हा तोंडी आश्वासनावर उठू नका, तारीख घालून लेखी घ्या. त्यापुढंही बहिष्कार चालू ठेवलात तर प्रश्न ३ मधलंच लागू, बाकीच्या केंद्रांवरून निकाल लागतोच.

एक गोष्ट मात्र वाड्यांना माहीत नसते. तुमचं एकट्याचं मत गुप्त, पण केंद्राचं गुप्त नसतं. निकालानंतर फॉर्म २० मध्ये केंद्रवार आकडे जाहीर होतात, म्हणजे तुमच्या शाळेतल्या खोलीत कुणाला किती पडली आणि नोटाला किती हे सगळ्यांना दिसतं, आणि कार्यकर्ते ते पाठ करतात. सहाशे मतांच्या वाडीनं ठरवून एकगठ्ठा मत फिरवलं तर ते ठळक दिसतं. रिकामं केंद्र तेवढं बोचत नाही.

१२. शाई लावली, सही केली आणि मशीनपुढं गेल्यावर वाटलं नकोच. तर?

तर नोटा आहेच. पण तेही नको, मशीनला हातच लावायचा नाही, असं असेल तर नियम ४९-ओ आहे. १७-ए नावाचं रजिस्टर असतं, तुमची सही किंवा अंगठा घेतात तेच, त्यात तुमच्या नावापुढं "मत द्यायला नकार" असा शेरा मारून परत सही घेतात. नोटा यायच्या आधी हाच एक मार्ग होता आणि त्यात गुपित राहायचं नाही.

२००९ ला माझ्या केंद्रावर एक म्हातारी आली होती, सत्तरीची असेल, पदराला गाठ मारलेली चिठ्ठी. अंगठा उठवला, शाई लावून घेतली आणि म्हणाली, "बाबा, मला यातलं कुणीच नको, पण मी आल्ती हे लिहून ठेव." तिन्ही पक्षांचे एजंट माना वर करून बघायला लागले. मी शेरा लिहिला, तिनं दुसऱ्यांदा अंगठा दिला आणि निघून गेली. संध्याकाळी मतांच्या हिशोबाचा १७-सी फॉर्म भरताना त्या रकान्यात "१" लिहिला. एवढ्या वर्षांच्या ड्युटीत त्या रकान्यात मी शून्याशिवाय काही लिहिलेलं तेवढं एकदाच.

एक विनंती, नकार द्यायचा असेल तर तिसऱ्या टेबलावर चिठ्ठी द्यायच्या आधीच सांगा. त्यांनी कंट्रोल युनिटचं बटण दाबल्यावर तुम्ही तसेच निघून गेलात तर एक मत मशीनवर सुटलेलं राहतं आणि आतल्या माणसांना घाम फुटतो.

१३. मी गेलो तर माझ्या नावावर आधीच कुणीतरी मत देऊन गेलेला. परत यायचं का?

अजिबात नाही. केंद्राध्यक्षाला ओळखपत्र दाखवा आणि टेंडर मत मागा. ते मशीनवर होत नाही, कागदी मतपत्रिका मिळते आणि वेगळ्या लिफाफ्यात ठेवतात. मोजणीत ती एरवी धरत नाहीत, पण निकाल कोर्टात गेला तर कामाला येते. "१४ टक्के टेंडर मतं झाली की फेरमतदान" हा दर निवडणुकीला फिरणारा मेसेज खोटा आहे. यादीत नाव नसताना आधार दाखवून "चॅलेंज व्होट" करता येतं हेही खोटं, चॅलेंज एजंट करतो, तुमच्या ओळखीवर, दोन रुपये भरून. यादीत नाव नाही तर मत नाही, तुमच्याकडं कार्ड असलं तरी.

१४. निवडून दिलेला आमदार मधेच परत बोलावता येतो का?

नाही.

१५. मी दिवसभर ठरवू शकणार नाही. सहाला पाच कमी असताना पोचलो तर घेतील का?

घेतील. सहाच्या ठोक्याला जो रांगेत असेल त्याचं मत होणारच, मग रात्रीचे आठ वाजले तरी. फक्त तेव्हा आम्ही नंबर घातलेल्या चिठ्ठ्या वाटायचो आणि वाटायला सुरुवात रांगेच्या शेपटापासून करायचो, म्हणजे मागं कुणी येऊन चिकटू नये. एक नंबरची चिठ्ठी सगळ्यात शेवटी उभ्या असलेल्या माणसाला मिळते. २०१४ ला असाच एक पोरगा एक नंबर घेऊन उभा होता, पुढं चाळीसेक माणसं, मोबाइल बाहेर ठेवायला लावलेला, त्यामुळं करायला काहीच नाही. बोर्डावर चिकटवलेली उमेदवारांची यादी त्यानं तेवढ्या वेळात तीनदा वाचली.